सात महिन्यांची खाज आणि पिशवीतल्या नऊ वस्तू

त्वचेच्या दवाखान्यात काही तक्रारी आत येता येताच सांगितल्या जातात. योनीच्या भागातली खाज ही त्यातली नाही. आधी केस गळण्याबद्दल बोलणं होतं, मग टाचांच्या भेगा दाखवल्या जातात, औषधं लिहून होतात, पर्स खांद्याला अडकते, आणि मग दाराशी थांबून, आवाज खाली आणून, "अजून एक विचारायचं होतं…" असं येतं. या प्रकरणातली बाई स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन आली होती, म्हणून निदान तेवढा वळसा टळला. तिच्या संमतीनेच हे लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

वय ३८. दोन बाळंतपणं, दोन्ही नैसर्गिक. काम दिवसभर बसून, मधूनमधून प्रवास. चिठ्ठीतला मजकूर थोडका होता: सात महिने खाज, बुरशीवरच्या औषधांचे चार कोर्स, दर वेळी चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. योनीमार्गात काही सापडत नाही, त्वचा बघाल का?

ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. नीट टेकून बसलं की आग होते, हे तिने नंतर सांगितलं.

'तिथे' म्हणजे कुठे

"आत खाजतं," ती म्हणाली. हे वाक्य मी रोज ऐकते आणि रोज त्यावर थांबते. या अवयवांना आपल्या रोजच्या बोलण्यात नावंच नाहीत. 'तिथे', 'खाली', 'जागेवर' एवढ्यावर भागतं, आणि 'योनी' हा एकच शब्द आतल्या मार्गालाही वापरला जातो, बाहेरच्या त्वचेलाही. बाहेरून दिसतं ते योनीमुख: दोन बाजूंचे बाहेरचे ओठ, त्यांच्या आतले नाजूक ओठ, मधली ओलसर जागा. ही त्वचा आहे. तिला त्वचेचे आजार होतात. आतला योनीमार्ग वेगळा. तिथे त्वचा नाही, ओलसर अस्तर आहे, आणि त्याची सगळी व्यवस्था निराळी. दोन्ही एकाच शब्दात कोंबले की बाहेरच्या दुखण्यावर आत औषध घातलं जातं.

मी कागदावर एक साधं चित्र काढलं आणि पेन तिच्या हातात दिलं. तिने बाहेरच्या ओठांवर खुणा केल्या, मग योनी आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागावर, मग गुदद्वाराच्या भोवती. आतल्या मार्गाकडे पेन गेलंच नाही. बुरशीच्या संसर्गातही बाहेर खाज येते, त्यामुळे एवढ्यावरून निदान होत नाही. पण खाज मागपर्यंत पसरलेली आहे, हे सात महिन्यांत पहिल्यांदा कागदावर आलं.

सुरुवात कशी झाली? आठ महिन्यांपूर्वी दाढेला सूज आली, अँटिबायोटिक घ्यावं लागलं. आठवड्याभरात अंगावरून दह्यासारखं घट्ट पांढरं जायला लागलं, खाज सुटली. तो बुरशीचाच संसर्ग होता, यात मला शंका नाही. अँटिबायोटिकने योनीमार्गातले उपयोगी जिवाणू कमी झाले की कॅन्डिडा नावाच्या बुरशीला मोकळं रान मिळतं. फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाची १५० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली, आणि पाच-सहा दिवसांत सगळं शांत झालं.

"आणि मग?"

"मग परत होऊ नये म्हणून मी स्वच्छता वाढवली."

या उत्तराखाली मी रेघ मारली. महिन्याभराने दुसरी खाज आली. ती पहिलीसारखी नव्हती: घट्ट पांढरं नाही, वास नाही, फक्त खाज, चरचर, लघवी लागली की आग. पण खाज म्हणजे बुरशी हे समीकरण तिच्या मनात आता पक्कं बसलं होतं. तिने स्वतःच मलम आणून लावलं, मग गोळी घेतली, मग दुसरं मलम. दोनदा डॉक्टरांनीही न तपासता तेच लिहून दिलं.

यात तिला दोष देता येत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला बुरशीचा संसर्ग झाला आहे असं स्वतःच ठरवून औषध विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली होती. निव्वळ बुरशी निघाली ती जेमतेम तिघींत एकीला. कुणाला जिवाणूंचा असमतोल होता, कुणाला मिश्र संसर्ग, आणि साधारण सातांत एकीच्या योनीमार्गात काहीही बिघाड नव्हता. खाज हे लक्षण इतक्या वेगवेगळ्या आजारांचं असतं की नुसत्या जाणिवेवरून ते ओळखणं डॉक्टरांनाही जमत नाही, मला तर नाहीच.

तपासणी

बाहेरच्या ओठांवर लाली होती आणि तिच्या कडा अस्पष्ट, विरत गेलेल्या. कातडी जाड झालेली, त्वचेवरच्या बारीक रेषा ठळक उमटलेल्या; महिनोन् महिने खाजवल्यावर त्वचा अशी चामड्यासारखी होते. मधल्या भागावर दोन बारीक भेगा. लघवीची आग या भेगांमुळे होत होती, मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे नव्हे. लघवीची तपासणी स्वच्छ आली होती.

जे दिसलं नाही तेही तितकंच महत्त्वाचं. पांढरे, कागदासारखे पातळ चट्टे नव्हते. आतले ओठ झिजून बाहेरच्या ओठांना चिकटल्यासारखे झालेले नव्हते. हे दिसलं असतं तर मी लायकेन स्क्लेरोसस या आजाराकडे वळले असते. तोही खाजेनेच सुरू होतो, वर्षानुवर्षं बुरशी समजून अंगावर काढला जातो, आणि उपचार न झाल्यास काही थोड्या स्त्रियांमध्ये पुढे त्या जागी कर्करोग होऊ शकतो. म्हणून न बघता मलम लिहून देण्याची मला भीती वाटते.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी आतली तपासणी नीट केली होती, आणि तीही मागचा कोर्स संपून तीन आठवडे गेल्यावर. औषध चालू असताना घेतलेला नमुना फसवतो. योनीमार्गाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), ४.२, म्हणजे जसा हवा तसा. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे नाहीत, नमुन्यातले जंतू वाढवून बघणाऱ्या कल्चर तपासणीत बुरशी नाही, जिवाणूंच्या असमतोलाची खूण नाही. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरीही ठीक.

निघताना तिने चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला तेव्हा उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं दिसली. पेरांवरची कातडी सुकलेली, बारीक सोलवटलेली. "हे भांड्यांच्या साबणाने होतं," ती म्हणाली. मी ते लिहून ठेवलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

पिशवी

तीन दिवसांनी पुन्हा बोलावलं, आणि येताना कमरेखाली लागणारी प्रत्येक वस्तू पिशवीत घालून आणायला सांगितली. औषध असो, साबण असो, काहीही. 'काय काय वापरता' असं नुसतं विचारलं की फक्त औषधं सांगितली जातात. साबण ही काही 'वापरायची' गोष्ट आहे असं कुणाच्या मनातच येत नाही.

टेबलावर नऊ वस्तू निघाल्या. सुगंधी इंटिमेट वॉश, सकाळ-संध्याकाळ. जंतुनाशक साबणाची वडी, ज्या दिवशी घाम जास्त त्या दिवशी. आंघोळीच्या पाण्यात टाकायचं अँटिसेप्टिक. लघवीनंतर दर वेळी पुसायला वेट वाइप्स, म्हणजे दिवसातून सहा-सात वेळा. सुगंधी पॅन्टी लायनर, रोज, दिवसभर. बाहेर जाताना मारायचा स्प्रे. बुरशीवरचं क्रीम. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक अशा तिन्ही औषधांच्या मिश्रणाचं मलम, जे चार दिवस लावलं की बरं वाटायचं. आणि टी ट्री ऑइल, कुणीतरी सुचवलं म्हणून.

चार दिवसांच्या आरामाचं कोडं इथे सुटलं. मिश्रणातलं स्टेरॉइड दाह दाबत होतं, आणि श्रेय बुरशीनाशकाला मिळत होतं. मलम थांबलं की दाह परत, कारण त्याला खतपाणी घालणाऱ्या बाकीच्या आठ वस्तू चालूच होत्या.

या भागाची त्वचा कोपरावरच्या त्वचेसारखी नसते. तिथे कायम ओल असते, घडीत घडी असते, चालताना घर्षण असतं, आणि आतल्या बाजूला वरचा राठ थर पातळ होत होत मधल्या ओलसर जागेवर नाहीसाच होतो. लावलेलं द्रव्य तिथे हातापेक्षा सहज आत शिरतं. वडीच्या साबणाचा पीएच साधारण ९ ते १० असतो, त्वचेचा स्वतःचा ५ च्या आसपास. दिवसातून दोनदा साबण, सातदा वाइप्स, वर दिवसभर लायनरखाली कोंडलेली ओल. सात महिने हे सोसून ती त्वचा फाटली नसती तरच नवल.

मी सगळं एका बाजूला सारलं आणि म्हटलं, "यातलं काहीच वापरायचं नाही."

तिचा चेहरा उतरला. "मग मी स्वच्छ कशी राहू?"

या प्रश्नाला मी घाईने उत्तर दिलं नाही. उपचार त्याच्यावरच अवलंबून होता; हे तिला पटलं नसतं तर नऊ वस्तू घरी जाऊन पुन्हा कपाटात लागल्या असत्या.

योनीमार्ग स्वतःची निगा स्वतः राखतो. १८९२ मध्ये अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी तिथल्या उपयोगी जिवाणूंचं वर्णन केलं. आज आपण त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतो. अस्तरात साठलेल्या ग्लायकोजेन या शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि पाळी चालू असलेल्या वयात आतला पीएच साधारण ३.८ ते ४.५ इतका आम्ल राहतो. त्या आम्लतेत अपायकारक जिवाणूंना तग धरणं अवघड जातं. आत पाण्याचा फवारा मारून धुतलं की ही घडी विस्कटते. असं आतून धुणाऱ्या स्त्रियांत जिवाणूंचा असमतोल आणि ओटीपोटातले संसर्ग जास्त आढळतात.

आणि जे रोज थोडं अंगावरून जातं, ते घाण नाही. दिवसाला एक ते चार मिलिलिटर स्राव हा तब्येतीचा भाग आहे. पाळीच्या मध्यावर तो पारदर्शक, तार धरणारा होतो, नंतर घट्ट पांढरट. कपड्यावर वाळला की पिवळसर डाग पडतो, आणि त्या डागालाच पुष्कळ जणी आजार समजतात. थोडा आंबूस वास असतो, तो त्या आम्लाचा. फुलांचा वास तिथे निसर्गानेच ठेवलेला नाही.

"पण वास येतो," ती म्हणाली.

"कुणी बोललं का कधी?"

"नाही. मलाच वाटतं."

मी तेव्हा ते तिथेच सोडलं. सोडायला नको होतं, हे पुढे कळलं.

काय केलं

दिवसातून एकदा, बाहेरून, हाताने, साध्या कोमट पाण्याने धुणं. कापड नाही, घासणं नाही. लघवीनंतर पाणी, आणि मऊ कागदाने किंवा सुती कापडाने टिपून कोरडं करणं. नेहमी पुढून मागे. आतले कपडे सुती आणि सैल, रात्री शक्यतो नकोतच. धुताना सुगंधी पावडर आणि फॅब्रिक सॉफ्टनर बंद, एक खळबळणं जास्त. केस काढणं दोन महिने थांबवायचं. पाळीत सुगंधाशिवायचं पॅड, चार ते सहा तासांनी बदलायचं. तिला मेन्स्ट्रुअल कप वापरून बघायचा होता, पण भेगा भरेपर्यंत मी नको म्हटलं.

उपचाराचं औषध एकच: मोमेटासोन ०.१ टक्का, एक स्टेरॉइड. क्रीम नाही, मलम. क्रीममध्ये टिकवणारी द्रव्यं जास्त असतात आणि फाटलेल्या त्वचेवर ते झोंबतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तिला लागत होतं त्याच्या निम्मं. रोज रात्री, दोन आठवडे. मग एक दिवसाआड दोन आठवडे. लावण्याआधी दहा मिनिटं टबात कोमट पाण्यात बसायचं, टिपायचं, आणि ओल पुरती उडायच्या आत मलम. दिवसभरात दोन-तीनदा साधी पेट्रोलियम जेली, लघवी त्वचेला थेट लागू नये म्हणून.

स्टेरॉइडची भीती असते आणि ती अगदी निराधार नाही. पण निदान झालेलं असताना, ठरलेल्या मापात, ठरलेल्या दिवसांपुरतं लावलेलं मलम वेगळं, आणि मिश्रणाचं मलम महिनोन् महिने मनाने लावणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराने त्वचा पातळ होते आणि खरी बुरशी असेल तर ती आतल्या आत माजते.

रात्री झोप आणणारी अँटिहिस्टामिनची गोळी दहा दिवस दिली. या प्रकारच्या खाजेवर तिचा फारसा जोर चालत नाही. पण झोपेत नकळत खाजवलं जातं, खाजवल्याने त्वचा जाड होते, जाड त्वचा आणखी खाजते. ते चक्र रात्रीच तोडावं लागतं. नखं कापायला सांगितली. असह्य झालं तर कापडात गुंडाळलेली थंड पिशवी धरायची.

चिठ्ठीच्या शेवटी मी लिहिलं: 'सुगंध नसलेलंच वापरा.'

दोन आठवड्यांनी ती आली ती खुर्चीत पाठ टेकून बसली. खाज दहापैकी आठ होती, ती तीनवर आली होती. भेगा भरल्या होत्या. सात महिन्यांनी ती सलग झोपली होती.

पाचवा आठवडा

आणि मग फोन आला. पुन्हा तेच, कदाचित आधीपेक्षा जास्त. कामाचा तीन दिवसांचा प्रवास झाला होता. "प्रवासातल्या स्वच्छतागृहात काहीतरी लागलं असणार," ती म्हणाली. बुरशीची गोळी घेऊ का, असंही विचारलं. मी घेऊ नका म्हटलं आणि बोलावून घेतलं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पुन्हा नमुना घेतला, बुरशी नाही. त्वचेवर मात्र लाली, बारीक पुरळ, ओलावा.

प्रवासात काय वापरलं? पाणी सगळीकडे मिळेना, म्हणून वाइप्स. पण लहान बाळांसाठीचे, सुगंधरहित. "तुम्हीच लिहिलं होतं."

लिहिलं होतंच. चूक माझी होती. तोवर मी हे निव्वळ रसायनांच्या माऱ्याने झालेलं नुकसान समजत होते, ज्यात मारा थांबला की त्वचा सावरते. टेबलावर नऊ वस्तू बघताना मी पुढची नावं वाचली, पाकिटांच्या मागची बाजू वाचली नाही. ओल्या कापडाचा गठ्ठा महिनोन् महिने न बुरसटता टिकतो, तर त्यात टिकवणारं काहीतरी असणारच, आणि सुगंध नसल्याने ते नाहीसं होत नाही. सोलवटलेला अंगठा आणि दोन बोटं मी पाहिली होती. वाइप नेमका त्याच बोटांनी धरला जातो. गुदद्वाराभोवतीची खाजही तिच्या चित्रात पहिल्या दिवशी होती, जिथे लायनर पोचत नाही पण पुसणारा हात पोचतो. सगळे धागे माझ्या हातात होते, मी ते एकत्र बांधले नाहीत, आणि त्याची किंमत तिने दहा रात्री मोजली.

कशाची ॲलर्जी आहे ते शोधणारी पॅच टेस्ट केली. पाठीवर वेगवेगळ्या द्रव्यांच्या छोट्या पट्ट्या ४८ तास चिकटवून ठेवतात, पाठ भिजू द्यायची नसते. पट्ट्या काढल्यावर एकदा आणि पुन्हा दोनेक दिवसांनी वाचन करतात. १८९५ मध्ये योझेफ याडासोन यांनी मांडलेली ही पद्धत आजही तशीच चालते. सुगंधी द्रव्यांच्या पट्ट्यांखाली काही उठलं नाही, म्हणजे मी ज्याला गुन्हेगार ठरवून चिठ्ठीत लिहिलं होतं तो निर्दोष निघाला. चौथ्या दिवशी एकाच जागी लाल, उंचवटलेला, बारीक फोडांचा चट्टा होता: मिथाइलआयसोथायाझोलिनोन.

नाव जिभेवर चढत नाही, पण वस्तू घराघरांत आहे. पाणी असलेल्या उत्पादनांत जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात. २००५ पासून युरोपात ते सौंदर्यप्रसाधनांत एकटं वापरायला परवानगी मिळाली आणि वाइप्समध्ये ते सर्रास आलं; त्यानंतरच्या वर्षांत ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाहतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साठी 'वर्षातलं ॲलर्जन' म्हणून त्याचंच नाव घेतलं. अंगावर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांत, म्हणजे वाइप्सही त्यात आले, युरोपीय संघाने २०१७ पासून त्यावर बंदी घातली. धुऊन टाकायच्या प्रसाधनांत २०१८ पासून दहा लाखांत १५ भाग एवढी मर्यादा आहे. सगळ्या जगात हे नियम नाहीत, म्हणून पाकीट उलटून वाचावं लागतं.

या ॲलर्जीत फसवणूक वेळेची असते. चटका लगेच बसत नाही. शरीराच्या संरक्षक पेशी ओळख पटवून जमा होईपर्यंत एक ते तीन दिवस जातात. तिने शनिवारी वाइप्स वापरले आणि खाज सोमवारी आली. मधल्या दोन दिवसांत जे जे घडलं ते सगळं संशयित ठरलं; खरा कारण असलेला वाइप मात्र खाजेवर पुसायला उलट जास्त वापरला गेला.

घरी जाऊन तिने एकेक बाटली उलटून पाहिली. हात धुण्याचा द्रव साबण, भांड्यांचा द्रव साबण, आणि शाम्पू या तिन्हींत तेच नाव. शाम्पूचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं: डोक्यावरचा फेस अंगावरून ओघळत शेवटी मांड्यांच्या मधूनच जातो. तिन्ही बदलली. मोमेटासोन पुन्हा दोन आठवडे, मग बंद. सहा आठवड्यांत त्वचा मऊ झाली, जाडसर रेषा पुसट झाल्या. बोटांची सालं निघणंही थांबलं.

आपलीही खाज अशीच असेल, असं वाचणाऱ्या कुणाला वाटलं तर एक विनंती आहे: वस्तू बंद करून बघा, जरूर बघा, पण दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर तपासून घ्या. पांढरे चट्टे, न भरणारी जखम किंवा गाठ, फोड, घाण वासाचा किंवा हिरवट स्राव, ओटीपोटात दुखणं आणि ताप, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणं, यातलं काही असेल तर तेवढीही वाट बघू नका. गरोदरपणात आणि मधुमेहात तर स्वतःच्या मनाने काही लावूच नये. वर्षात तीनदा खरोखरच बुरशी झाली असेल, तर त्यावर वेगळे, लांब मुदतीचे उपचार असतात. दर वेळी एकेक गोळी घेऊन ते होत नाही.

लायनर

तीन महिन्यांच्या तपासणीला त्वचा स्वच्छ होती. मी फाइल मिटत होते. तिने पर्स खांद्याला लावली, आणि दाराशी थांबली.

"लायनर बंद करून खूप अवघड जातंय."

स्राव जास्त जातो का, असं मी विचारलं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "शिंकले की थोडी लघवी होते. दुसऱ्या बाळंतपणापासून."

नऊ वर्षं. लायनर त्यासाठी, वाइप्स त्यासाठी, स्प्रे त्यासाठी. ज्या वासाबद्दल 'मलाच वाटतं' म्हणाली होती तो लघवीचा होता, आणि कुणाला कळेल या धास्तीने ती दिवसभर पुसत राहायची. त्या पहिल्या बुरशीने ती धास्ती फक्त वाढवली होती. मी दोनदा इतिहास घेतला, चित्र काढलं, पिशवी उघडली, आणि 'लघवी सुटते का' एवढा एक प्रश्न विचारला नाही. आता तो माझ्या पहिल्या कागदावर छापलेला असतो.

खोकताना, शिंकताना, उडी मारताना लघवी निसटणं बाळंतपणानंतर खूप जणींना होतं, आणि त्याला उपचार आहे. पहिला उपचार ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम: लघवी आणि वायू एकदम रोखून धरल्यासारखं स्नायू आत-वर ओढायचे, काही क्षण धरायचे, पूर्ण सोडायचे. एका वेळी निदान आठ, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. पुष्कळ जणी पोट किंवा मांड्या आवळतात आणि व्यायाम झाला असं समजतात, म्हणून सुरुवात फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेऊन करावी. तोवर शोषून घेणारं काहीतरी लागणारच होतं. लघवीसाठीच बनवलेलं, सुगंध नसलेलं पॅड ती बाहेर जाताना वापरते, ओलं झालं की बदलते. घरी सुती कपडा आणि पेट्रोलियम जेली.

सहाव्या महिन्यात ती आली तेव्हा खाज शून्य होती. शिंकेला अजून दोन-चार थेंब जातात; जिना उतरताना जात नाहीत. घरी हात धुण्याची नवी बाटली कुणीतरी आणली होती, ती मागची बाजू वाचून तिने परत पाठवली. माझ्याकडची पुढची तारीख मी लिहिली नाही. फिजिओथेरपिस्टकडची आहे, आठ आठवड्यांनी.